लेझरवर ‘फोम’ कापण्याआधी तो फोम कोणता ते ओळखा

कातरकाम

भोसरीला माझा छोटा गाळा आहे. ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर मशीन, तीन बाय दोन फुटांचा बेड. मुख्य काम कारखान्यांसाठी अवजारांचे ट्रे. वर काळा ईव्हीए फोम, खाली पिवळा, आणि काळ्यात पान्याच्या, पकडीच्या, स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराचे खाचे. अवजार जागेवर नसलं की खालचा पिवळा रंग लांबूनही दिसतो, शिफ्ट संपताना काय हरवलंय ते मोजावं लागत नाही. हे काम मला मनापासून आवडतं.

या मंचावर हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा प्रोजेक्टसाठी शीट घेऊन आला. "दादा, फोम शीट आहे, दोन मिनिटांचं काम." पांढरी, ५ मिमी, कडक, गुळगुळीत. तो सनबोर्ड होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, दुकानदाराने फोमच सांगितलंय आणि बाजूच्या गल्लीत कापून देतात. देतात, हे खरं आहे. चार वर्षांपूर्वी मीही कापून दिला होता.

दुकानाच्या पाटीची चाळीस अक्षरं होती. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. काम तासाभरात झालं, कडा सुरेख आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर रेल्सवर तपकिरी थर. आठवड्यात बेअरिंग खरखरायला लागली, शीटखालची हनीकोंब जाळी गंजून भुगा झाली, लेन्सवर धुकं धरलं ते पुसून जाईना. पण मशीनचं जाऊ द्या. माझ्याकडे तेव्हा कामाला असलेल्या पोराच्या डोळ्यांतून दोन दिवस पाणी येत होतं आणि घसा बसला होता. त्याला त्या धुरात मी उभं केलं होतं. ते मला अजून टोचतं.

सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात अर्ध्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतं. लेझरच्या उष्णतेने ते हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन सुटतं आणि ओलावा मिळेल तिथे त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. ओलावा घशात असतो, डोळ्यांत असतो, आणि पावसाळ्यात लोखंडावरही असतो.

आपल्याकडच्या बाजारात ‘फोम’ या एका शब्दाखाली निदान पाच वेगळ्या वस्तू मिळतात: चपलेच्या तळव्याचा ईव्हीए, पॅकिंगचा पांढरा ईपीई, गादी-सोफ्याचा पीयू, थर्माकोल, आणि पीव्हीसीचे बोर्ड. फर्निचरवाले तर पीव्हीसीला सरळ फोम बोर्डच म्हणतात. दुकानदार खोटं बोलत नाही, त्याच्या भाषेत तो फोमच आहे. म्हणून नावावर भरवसा ठेवू नका, शीट तपासा. ज्यांना जे माहीत असेल ते इथे लिहा.

मखरवेडी

अगदी वेळेवर धागा आला. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून मी गणपतीचे मखर पुठ्ठा आणि फोम शीटमध्ये करते. यंदा सोसायटीच्या गणपतीसाठी जाळीदार कमान करायची आहे, दीड-दोनशे पाकळ्या. हाताने कापून बोटं दुखतात म्हणून लेझरवाल्याकडे देणार होते. माझ्याकडे तीन प्रकारच्या शीट पडून आहेत आणि तिन्ही मी ‘फोम’ म्हणूनच आणल्या. मऊ ती चालते आणि कडक ती नाही, असं धरलं तर चालेल का?

कातरकाम

नाही ताई, नुसत्या मऊपणावर जाऊ नका. पीव्हीसीत तेलासारखे पदार्थ घालून ते मऊही करतात. रेक्झिन मऊच असतं की.

अणुरेणू

मी रसायनशास्त्र शिकवतो. घरी करता येईल अशी एक जुनी चाचणी आहे, बाइलश्टाइन चाचणी, १८७२ पासूनची. तांब्याची तार आणि निळी ज्योत, एवढंच लागतं.

तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. सुरुवातीला ज्योत हिरवी दिसेल, कारण बहुतेक जण तार घरच्या वायरमधून काढतात आणि त्या वायरचं आवरणच पीव्हीसीचं असतं. हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत तापवत राहा. ही पायरी गाळली तर प्रत्येक शीट पीव्हीसीच वाटेल. मग तापलेली तार शीटच्या कोपऱ्याला टेकवा, कणभर वितळून चिकटलं की पुन्हा ज्योतीत धरा. झगझगीत हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे, ती शीट लेझरखाली घालायची नाही. नुसती पिवळी, काजळीची ज्योत आली तर निदान क्लोरीन तरी नाही.

कण तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असू द्या. गॅलरीत करा आणि त्यावर वाकून वास घेऊ नका. मेणबत्ती चालत नाही, तिची ज्योत मुळातच पिवळी असते.

काही जण पाण्यात टाकून बघायला सांगतात, पीव्हीसी बुडतं म्हणून. भरीव पीव्हीसी बुडतं हे बरोबर. फुगवलेला सनबोर्ड मात्र तरंगतो, त्यामुळे फोमच्या बाबतीत ती परीक्षा उपयोगाची नाही.

शिक्केवाला

रबराचं मी सांगतो. बावीस वर्षं शिक्के करतोय. सुरुवातीला शिशाचे टाइप हाताने जुळवायचे, त्यावरून साचा घ्यायचा, कच्च्या रबराची शीट साच्यावर ठेवून गरम प्रेसमध्ये दाबायची. रबर शिजला की शिक्का तयार. आता लेझर आहे, पण रबर कसाही चालत नाही. लेझरचा म्हणून वेगळा रबर मिळतो, बहुतेक २.३ मिमी जाडीचा, ए४ आकारात. कमी वासाचा म्हणून विकतात. वास असतोच, पण टायरच्या ट्यूबचा तुकडा कोरून बघितलात तर फरक कळेल. एका नवख्याने माझ्यासमोर ट्यूब लावली होती, अख्ख्या मजल्यावर जळक्या गंधकाचा वास पसरला.

माझ्या ६० वॅटवर वेग २५० मिमी प्रति सेकंद, ताकद ७० टक्के, ओळींतलं अंतर ०.०६ मिमी. खोली १ मिमीच्या आसपास येते. तुमच्या मशीनवर आधी नखाएवढा चौकोन कोरून बघा, लेझरची ट्यूब जुनी झाली की हे सगळे आकडे बदलतात.

मराठी शिक्क्याची अडचण इंग्रजीवाल्यांना नसते. अनुस्वार आणि रफार. टिंब चारी बाजूंनी सुटं उभं असतं. सरळ उभ्या कडेने कोरलंत तर ते सुईसारखं उभं राहतं आणि थोड्याच वापरात तुटतं. मग ‘संचालक’चा ‘सचालक’ होतो आणि गिऱ्हाईक परत येतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्टॅम्पसाठीचा उताराचा पर्याय असतो तो घ्यायचाच. अक्षराच्या पायथ्याशी डोंगरासारखा उतार राहतो आणि टिंबाला आधार मिळतो. लहान शिक्क्यात मी टिंब मूळ फॉन्टपेक्षा थोडं मोठंच ठेवतो.

श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असेल तर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांत, बदलून मगच मशीनवर न्या, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर अक्षरांचा काला होतो. आणि कोरण्याआधी उलटा मजकूर बटर पेपरवर छापून मागून वाचायचा. बावीस वर्षांनंतरही मी दर वेळी वाचतो.

डोंबिवलीकर

माझ्याकडे गाळा वगैरे नाही. ५ वॅटचं छोटं उघडं डायोड लेझर आहे, गॅलरीत टेबलावर ठेवतो. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी ३ मिमीचा ईव्हीए कापला. काळा कापला जातो, पांढऱ्यावर काहीच होत नाही. एन-९५ मास्क लावतो, तेवढं पुरे ना? मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला बघायला फार आवडतं.

कातरकाम

दादा, मुलाचं आधी. उघड्या डायोड लेझरजवळ मुलाला उभं करू नका. त्याचा निळा किरण साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो आणि तो थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. खालच्या जाळीवरून, एखाद्या चकचकीत स्क्रूवरून उसळलेला किरणही पुरतो. चष्मा ४५० नॅनोमीटरसाठीचाच हवा, तसं त्यावर छापलेलं असतं. उन्हाचा गॉगल कामाचा नाही.

लोकांचा घोळ होतो तो इथे. माझ्या सीओटू मशीनला पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण आहे आणि ते बरोबर आहे, कारण १०.६ मायक्रोमीटरचा तो किरण ॲक्रिलिकच्या पार जात नाही. ते बघून तुम्ही डायोडवर साधं पारदर्शक झाकण ठेवलंत तर निळा किरण त्यातून आरपार येईल. तुम्हाला बंद डबाच हवा. खिडकी ठेवायची तर त्या किरणासाठी बनवलेल्या रंगीत शीटची. मुलाला डब्याबाहेर फोनवर कॅमेऱ्यातून दाखवा, तितकीच मजा येईल.

पांढऱ्यावर काही होत नाही कारण तो निळा प्रकाश परत फेकतो. गडद रंगाचाच ईव्हीए घ्या. आणि एन-९५ कण अडवतो, वायू नाही.

अणुरेणू

मास्कबद्दल थोडं पुढे सांगतो. ईव्हीए तापला की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, व्हिनेगरचं ॲसिड. म्हणून त्याचा धूर आंबूस लागतो. एन-९५ मधून तो वास तुम्हाला येतच असेल, म्हणजे वायू आत शिरतोय. शिवाय अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइडही बनतो आणि त्याला तर वासच नसतो. मास्कला धूर बाहेर काढण्याचा पर्याय समजू नका.

कातरकाम

धूर बाहेर काढण्याची माझी पद्धत लिहितो, कारण इथेच सगळे पैसे वाचवायला जातात.

ब्लोअर मशीनजवळ न लावता पाइपच्या बाहेरच्या टोकाला लावा, खिडकीपाशी. मग मशीनपासून खिडकीपर्यंतचा अख्खा पाइप आत ओढतो. कुठे फट असली तरी खोलीतली हवा पाइपात जाते, पाइपातला धूर खोलीत येत नाही. ब्लोअर मशीनला चिकटून लावला की प्रत्येक फटीतून धूर खोलीत फेकला जातो. पाइप जेवढा आखूड आणि सरळ तेवढं चांगलं.

तपासायला अगरबत्ती. ब्लोअर चालू करून, लेझर बंद ठेवून, झाकणाच्या पुढच्या फटीशी अगरबत्ती धरा. धुराची रेघ ठामपणे आत वळली पाहिजे. रेंगाळत वर गेली तर ओढ कमी आहे. मी दर सोमवारी करतो. रबराची भुकटी चिकट असते, पंख्याच्या पात्यांवर बसते आणि महिन्याभरात ओढ निम्मी होते, आपल्याला कळतही नाही. ईव्हीएच्या कामात इतकं होत नाही.

काम संपल्यावर ब्लोअर लगेच बंद करू नका. झाकण उघडण्याआधी मिनिटभर तरी चालू द्या. कापलेला फोमही थोडा वेळ वास सोडत राहतो, तो उघड्यावर ठेवा.

पॅकिंगवाला

आता आगीचं कोणीतरी लिहायला हवं, तर मी लिहितो. हे माझ्याकडे घडलेलं आहे.

काचेच्या वस्तूंसाठी ईपीईचे पांढरे खाचे कापत होतो. माल त्याच दिवशी आलेला. दारात टेम्पोवाला चलनावर सही मागत होता म्हणून दोन मिनिटं गेलो. परत आलो तर झाकणाखाली पिवळा उजेड. लेझरचं डोकं पुढे गेलं होतं आणि मागे शीट पेटत होती, थेंब थेंब जळत खालच्या ट्रेमध्ये पडत होती.

मला तेव्हा माहीत नव्हतं की ईपीई फुगवायला बहुतेक ठिकाणी ब्युटेन किंवा एलपीजी वापरतात. ताज्या शीटच्या बुडबुड्यांत तो गॅस भरलेला असतो. हळूहळू बाहेर पडून त्याची जागा हवा घेते, त्याला दिवस लागतात, जाड माल असेल तर आठवडे. म्हणजे मी अक्षरशः गॅसने भरलेली शीट लेझरखाली घातली होती.

आग विझवली कोरड्या पावडरच्या सिलिंडरने. विझली. पण ती पावडर रेल्समध्ये, बेल्टमध्ये, आरशांवर, सगळीकडे बसली आणि दमटपणाने चिकटली. आगीपेक्षा जास्त खर्च पावडरने केला. आता मशीनशेजारी दोन किलोचा सीओटूचा सिलिंडर आहे, मागे काही उरत नाही. आणि एका बादलीत ओलं पिळलेलं सुती फडकं. लहान ज्योतीला तेवढं पुरतं.

ईपीई मी लेझरवर बंदच केला. जाड पॅकिंग आता कंपन पावणाऱ्या सुरीच्या मशीनवर कापून घेतो. धूर नाही, आग नाही, आणि ५० मिमीची कड काटकोनात येते, जी लेझरने येत नव्हती.

राइनकाठ

मी जर्मनीत असते. इथल्या आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये नियम असा की साहित्याचं माहितीपत्रक दाखवल्याशिवाय लेझरची किल्ली मिळत नाही. सुरुवातीला मला फार जाचक वाटलं. मग एकाने पोहण्याच्या सूटचा निओप्रीन आणला होता, फोमसारखा मऊ, आणि माहितीपत्रकावर पॉलिक्लोरोप्रीन लिहिलेलं निघालं. ‘क्लोरो’ वाचून तो तिथेच थांबला.

ईव्हीए फुगवायला कोणता गॅस असतो? त्यालाही ताज्या मालाचा धोका आहे का?

अणुरेणू

ईव्हीए बहुधा रासायनिक पुडीने फुगवतात, तिच्यातून मुख्यतः नायट्रोजन निघतो. तो जळत नाही. ईव्हीए स्वतः मात्र जळतो, हे विसरू नका.

निओप्रीनचं उदाहरण फार चांगलं दिलंत. त्याच्या वजनात सुमारे ४० टक्के क्लोरीन असतं. ‘रबर’ हाही ‘फोम’सारखाच फसवा शब्द आहे. नैसर्गिक रबर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, त्यात शिजवताना घातलेलं गंधक. गुडइयरने १८३९ मध्ये हे गंधकाचं तंत्र शोधलं. शिक्केवाल्या काकांना ट्यूबचा जो वास आला तो त्याचाच. त्रासदायक, पण चांगल्या ओढीने आवरता येतो. ईपीडीएम या रबराचंही तसंच. सिलिकॉन रबर पातळ असेल तर कापला जातो, कडेला पांढरी भुकटी राहते, ती म्हणजे सिलिका. ती फुंकरीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नायट्रिल रबरात नायट्रोजन असतो, जळताना हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. गादीच्या पीयू फोमचंही तेच, म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन्ही करू देत नाही. आणि व्हिटॉन, तोही रबरच. त्यात फ्लोरिन असतं, त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तो कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतो. तांब्याच्या तारेने क्लोरीन कळतं, फ्लोरिन कळत नाही. नायट्रिलही कळत नाही. तेव्हा ज्योत हिरवी झाली नाही म्हणजे सगळं सुरक्षित, असा अर्थ काढू नका.

कातरकाम

हे सर फार मोलाचं सांगितलंत. माझ्याकडे कारखान्यातून गॅस्केट कापून मागतात. ‘ऑइलला चालणारा रबर’ म्हणाले की तो बहुतेक नायट्रिल असतो. ही कामं मी पंच आणि डाय करणाऱ्याकडे पाठवतो. पूर्वी नुसत्या वासाच्या त्रासाने पाठवायचो, आता कारणही कळलं.

डोंबिवलीकर

डायोड आत आणून ठेवलं. आधी डबा करतो, मग पुढचं. वरच्या मजल्यावरच्या आजींना खोकला आहे, त्यांच्या खिडकीखाली मी हे करत होतो. बायकोची जुनी योगा मॅट कापून ग्लासखालच्या चकत्या करायचा विचार होता, ती चालेल का?

कातरकाम

योगा मॅट पीव्हीसीची असते, नायट्रिलची असते, टीपीई या रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची असते, ईव्हीएचीही असते. छाप नसेल तर कात्रीने कापा. चकत्यांना कात्री पुरते.

ईव्हीएच कापणाऱ्यांसाठी थोडं. ५ मिमी जाडीला माझ्याकडे वेग २० मिमी प्रति सेकंद, ताकद ४५ टक्के. १० मिमीला वेग निम्मा आणि ताकद ६५. फोकस वरच्या पृष्ठभागावर ठेवला तर खालची कड तिरकी येते, जाडीच्या मध्यावर ठेवा. आतले खाचे आधी, बाहेरची कड शेवटी, नाहीतर तुकडा सुटून हलतो. एअर असिस्ट, म्हणजे कापण्याच्या जागी मारलेला हवेचा झोत, नेहमी चालू, तो ज्योत धरू देत नाही. मात्र पातळ शीट त्याच हवेने उचलली जाते आणि डोक्याला अडकते, म्हणून चारी कोपरे लोहचुंबकाने दाबा. फोम कापताना वितळून थोडा मागे सरकतो, त्यामुळे खाचा अवजारापेक्षा अर्धा मिमी लहान काढला तर पाना घट्ट बसतो. कडेची काजळी साबणाच्या पाण्याने निघते.

आणि मशीन चालू असताना तिथून हलायचं नाही. सही मागणाऱ्याला आत बोलवा.

शिक्केवाला

एक राहिलं. रबर कोरताना काम धुराच्या दिशेने सरकवा. ओढ मागच्या बाजूला असेल तर पुढून मागे. म्हणजे भुकटी अजून न कोरलेल्या भागावरून जाते, नुकत्या कोरलेल्या अक्षरांत बसत नाही. नंतर जुना टूथब्रश आणि साबण.

मखरवेडी

आज दुपारी गॅलरीत तार तापवून बघितली, मिस्टरांनी पकड धरली. सरांनी सांगितलं तसं तार सुरुवातीला खरंच हिरवी पेटली, तीन-चार मिनिटांनी साफ झाली.

चमकी असलेली मऊ शीट: हिरवं नाही, पिवळी ज्योत, गॅलरीभर आंबूस वास. पांढरी कडक शीट: लगेच हिरवीगार. तिसरी शीट मला सगळ्यात जास्त खात्रीची वाटत होती, मऊ, गुंडाळता येणारी, गुलाबी. तीही हिरवी. पाकळ्या मी त्याच शीटच्या करणार होते.

पाकळ्या आता ईव्हीएच्या, मागचा आधार एमडीएफचा. पांढरी शीट फुकट घालवणार नाही, खांबांना कटरने हाताने कापून लावते. कातरकाम दादा, ईव्हीएच्या १८० पाकळ्या तुमच्याकडे होतील का?

कातरकाम

होतील ताई, शनिवारी सकाळी या. येताना त्या गुलाबी शीटचा बोटभर तुकडा आणा. माझ्याकडे हल्ली दोन नवीन पोरं कामाला आहेत, त्यांना ती हिरवी ज्योत मशीनला हात लावण्याआधी दाखवायची आहे.